दुसऱ्या पक्षाची थोरली बहीण

सभागृहाच्या कार्यालयात करार लिहिणाऱ्या बाईंना सगळे कलमबाई म्हणायचे. तोंडावर ‘मॅडम’, पाठ वळली की कलमबाई. त्यांना ते ठाऊक होतं आणि मनातल्या मनात आवडतही होतं. तेविसाव्या वर्षी त्या इथं टंकलेखक म्हणून लागल्या. आता सत्तेचाळिशीत होत्या. मधल्या काळात या सभागृहात जे जे बिनसलं, त्याचं त्यांनी एकेक कलम करून ठेवलं होतं.

त्यांचं कार्यालय जिन्याखाली होतं. छत तिरकं, त्यामुळे उंच माणूस आत आला की पहिल्यांदा डोकं आपटायचा आणि मग नमस्कार करायचा. एक टेबल, एक संगणक, थापट मारल्याशिवाय कागद न सोडणारा प्रिंटर. बाजूच्या कपाटात करारांच्या फायली, वर्षवार.

त्या लागल्या तेव्हा डीजेचा करार अर्ध्या पानाचा होता. नाव, तारीख, वाजवण्याचे तास, सही. मग एका डीजेनं ऐनवेळी स्वतःऐवजी मावसभावाला पाठवलं. मावसभावाला उपकरणं चालू करता येत होती, बंद करता येत नव्हती. दुसऱ्या दिवशी करारात वाक्य आलं: ‘दुसरा पक्ष स्वतः हजर राहील.’ एकानं स्पीकरची भिंत थेट आपत्कालीन दारासमोर रचली, त्याचं कलम झालं. एकानं सत्तरीतल्या जोडप्याच्या लग्नाच्या वाढदिवसाला असलं गाणं लावलं की नातवंडांना बाहेर न्यावं लागलं. तेव्हापासून गाण्यांची यादी सात दिवस आधी मागवायची पद्धत पडली. वीज गेली तर काय, उपकरण बिघडलं तर दुसरं कुणी आणायचं, आवाज किती डेसिबलच्या वर जाता कामा नये आणि तो नेमका कुठं उभं राहून मोजायचा, सगळं कागदावर होतं. करार साडेचार पानांचा झाला होता. डीजे मंडळी तो न वाचताच सही ठोकत आणि पुढं कधीतरी पस्तावत.

घरी कलमबाई आणि त्यांचे बाबा, दोघंच. बाबांचं एके काळी रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. पुढं लोकांनी रेडिओ दुरुस्त करणं सोडलं, दुकान गेलं. मग डावा कान गेला. उजवा अर्धामुर्धा चालायचा. आई जाऊन एकोणतीस वर्षं झाली होती. ती गेली तेव्हा कलमबाई अठराच्या होत्या आणि धाकटी बहीण सहा वर्षांची. धाकटीच्या वेण्या, डबा, शाळेचे अर्ज, तापातल्या रात्री, हे सगळं थोरलीनं केलं. आणि धाकटी शाळा सुटली की थेट दुकानात जाऊन बाबांच्या मांडीशी बसायची, उघड्या पडलेल्या रेडिओंच्या पोटात डोकं घालून. तोंड तर बंद म्हणून नसायचंच. बाबांनी तिचं नावच ‘रेडिओ’ पाडलं. थोरलीला घरात टोपणनाव कुणी ठेवलं नाही. ती ताई होती, ताईच राहिली.

बाविसाव्या वर्षी धाकटी गाणी वाजवायची दोन जुनी यंत्रं घेऊन दुसऱ्या शहरात गेली. आता पस्तिशीत तिचं नाव झालं होतं. भिंतींवर तिचे फलक लागायचे: डीजे रेडिओ. तिची खासियत म्हणजे गाणं लावता लावता ती माइकवर बोलायची. कोपऱ्यात हाताची घडी घालून बसलेल्या माणसाला ती बरोबर हुडकायची, दोन शब्दांत हसवायची आणि तिसऱ्या शब्दाला उठवून नाचायला आणायची.

कलमबाईंच्या पोटात दुखायचं ते इथंच.

रोज गोळ्या मोजून द्यायच्या त्यांनी. दर महिन्याला कानाच्या डॉक्टरांकडं न्यायचं त्यांनी, आणि डॉक्टर जे बोलले ते बाबांच्या उजव्या कानात ओरडून सांगायचं तेही त्यांनीच. धाकटी चार महिन्यांतून एकदा दोन दिवस यायची. पण ती शनिवारी येणार असेल तर बाबा गुरुवारीच दाढी करून घ्यायचे. शेजारपाजारी ‘माझी मुलगी’ म्हणून जिचं कौतुक चालायचं ती धाकटी. थोरलीबद्दल बोलायची वेळ आली तर म्हणायचे, “घरी ही असते ना.” ही! कलमबाईंनी तो शब्द किती वेळा गिळला असेल त्याचा हिशेब नाही.

एका सोमवारी सकाळी शहरातल्या मोठ्या रुग्णालयाच्या मोठ्या सिस्टर कार्यालयात आल्या. छत्तीस वर्षांच्या नोकरीनंतर त्या निवृत्त होणार होत्या. बाकीच्या सिस्टर मंडळींनी त्यांच्यासाठी कार्यक्रम ठरवला होता आणि काय काय हवं ते सांगायला त्यांनाच पाठवलं होतं.

“वेळ दुपारी तीनची,” सिस्टर म्हणाल्या. “सकाळच्या पाळीच्या सुटून येतील, संध्याकाळच्या हजेरी लावून जातील. आणि डीजे मात्र रेडिओच हवी. दुसरं कुणी चालणार नाही.”

कलमबाईंचे हात कळफलकावर थांबले. “कोण?”

“डीजे रेडिओ! ऐकलं नाहीत? माझ्या भाचीच्या कार्यक्रमाला आली होती. भाचीच्या आजेसासूबाई गुडघे धरून बसल्या होत्या, त्यांना नाचवलं हो तिनं. काय ती मुलगी, काय तिची जीभ! अशी लेक पोटी यायला भाग्य लागतं.”

“पत्ता, फोन असेल तर द्या,” कलमबाई म्हणाल्या. सिस्टरांनी पर्समधून कार्ड काढलं. स्वतःला तोंडपाठ असलेला नंबर कलमबाईंनी त्या कार्डावरून एकेक आकडा बघत उतरवून घेतला.

नियमाप्रमाणं त्यांनी तिथंच सांगायला हवं होतं की दुसरा पक्ष माझी सख्खी बहीण आहे. सभागृहाचा तसा नियम होता आणि तोही त्यांनीच टाइप केलेला होता. त्या बोलल्या नाहीत. का, तर एकदा का हे कळलं की चोवीस वर्षांची कलमबाई संपली. मग जो येईल तो डोकं आपटून, कपाळ चोळत म्हणणार, “अरे वा, तुम्ही रेडिओच्या बहीण!”

दुपारी सभागृहाच्या व्यवस्थापकांनी मसुद्याचं पहिलं पान बघितलं. “आडनाव तुमचंच की हो.”

“आडनावं काय, पुष्कळांची सारखी असतात,” कलमबाई म्हणाल्या आणि प्रिंटरला थापट मारली.

मग त्या करार लिहायला बसल्या. नेहमीचा मसुदा समोर होता. तारीख, वेळ आणि नावं घातली की काम संपलं असतं. पण नवव्या कलमापाशी त्या थांबल्या. ‘दुसऱ्या पक्षाने ध्वनिक्षेपकावर असभ्य भाषा वापरू नये,’ असं तिथं होतं. कलमबाईंनी ते खोडलं आणि लिहिलं, ‘दुसऱ्या पक्षाने ध्वनिक्षेपकावर बोलू नये.’ वाचून बघितलं. किती छोटं, किती स्वच्छ वाक्य. अंगावरून गार वारा गेल्यासारखं त्यांना बरं वाटलं.

तशा त्या वाईट बाई नव्हत्या. पण त्या दुपारी हात थांबेना. गाण्यांच्या यादीबाहेरचं एकही गाणं नाही. विश्रांती दहा मिनिटं, अकरा नाही. शेवटी त्या अकराव्या कलमाशी आल्या. यंत्रांच्या टेबलापाशी ज्याला त्याला येऊ देऊ नये, असं तिथं मोघम लिहिलेलं होतं. धाकटी कुठंही वाजवायला गेली तरी बाबांना म्हणायची, “एकदा या की बघायला, माझ्या शेजारी उभे राहा.” लांब पडतं म्हणून बाबा कधी गेले नव्हते. आता ती इथं, घरापासून चार थांब्यांवर वाजवणार होती. कलमबाईंच्या डोळ्यांसमोर चित्र आलं: सहाशे माणसं, वर मंचावर धाकटी, शेजारी दाढी केलेले बाबा. आणि स्वतः त्या? त्या जिन्याखाली.

त्यांनी लिहिलं, ‘कार्यक्रमादरम्यान यंत्रांच्या टेबलापाशी दुसऱ्या पक्षाखेरीज कोणीही, दुसऱ्या पक्षाचे नातेवाईक धरून, थांबणार नाही.’

सहीला धाकटी स्वतः आली. दारात वाकून आत शिरली. या घराण्यात उंच तीच. व्यवस्थापक समोर बसले होते. कलमबाईंनी तिच्याकडं एकदाच बघितलं, आणि त्या बघण्यात काय होतं ते धाकटीनं लहानपणापासून ओळखलेलं होतं. तोंडावर आलेला ‘ताई’ तिनं परत आत ढकलला.

“नमस्कार मॅडम.”

“बसा. करार वाचून घ्या.”

आणि धाकटीनं खरंच वाचायला घेतला. पहिल्यापासून, एकेक ओळ. एवढ्या वर्षांत कुणा डीजेनं पूर्ण करार वाचल्याचं कलमबाईंना आठवत नव्हतं. व्यवस्थापकांचा चहा संपला. भिंतीवरचं घड्याळ ऐकू यायला लागलं. नवव्या कलमावर धाकटीच्या भुवया वर गेल्या. अकराव्यावर बोट थांबलं.

“नातेवाईक धरून?” तिनं विचारलं.

“नेहमीचंच कलम आहे,” कलमबाई म्हणाल्या.

“असं,” धाकटी म्हणाली. मग शेवटपर्यंत वाचलं. “माझी एक विनंती होती. टेबलामागं एक खुर्ची हवी. पाठ असलेली, हात टेकता येतील अशी.”

“तुम्ही उभ्यानं वाजवता ना?” व्यवस्थापकांनी विचारलं.

“वाजवते उभ्यानंच. पण खुर्ची लागते.”

नाव झालं की नखरे सुरू होतात, कलमबाई मनात म्हणाल्या, आणि सतराव्या कलमात खुर्ची घातली. धाकटीनं पाचही कागदांवर सही केली. निघताना दारात वाकली आणि गेली.

कार्यक्रमाच्या दिवशी पावणेतीनलाच सभागृह भरलं. अर्ध्या सिस्टर गणवेशातच होत्या, कुणी पायातल्या कामाच्या चपला बदलत होत्या. कलमबाई दाराजवळच्या खांबापाशी आवाज मोजायचं यंत्र घेऊन उभ्या राहिल्या. एरवी त्या कार्यक्रमाला थांबत नसत. यंत्रांच्या टेबलाकडं जाणाऱ्या तीन पायऱ्यांपाशी दरवानाला उभं केलं होतं आणि अकरावं कलम त्याच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं होतं.

धाकटीनं सुरुवात केली. यादीतलंच गाणं, ठरलेल्याच आवाजात. काटा एकदाही रेषेच्या वर गेला नाही. पहिल्या गाण्याला टाळ्या पडल्या. दुसऱ्याच्या मध्येच मागून कुणीतरी ओरडलं, “रेडिओ, बोल ना!” मग चारपाच जणी, मग अख्खी रांग. धाकटीनं हसून ओठांवर बोट ठेवलं आणि मान हलवली. लोकांना वाटलं गंमत आहे. चौथ्या गाण्याला कळलं की ती खरंच बोलणार नाही. मोठ्या सिस्टर बाजूच्या बाईला म्हणाल्या, “आज हिला काय झालंय? बरं नाही का?”

कलमबाईंनी ते ऐकलं. पाऊण तास त्यांना इतकं सुख झालं की त्यांचं त्यांनाच भय वाटलं.

तेवढ्यात पायऱ्यांपाशी काहीतरी गडबड दिसली. दरवान दोन्ही हात पसरून उभा होता आणि त्याच्यासमोर इस्त्रीच्या शर्टातले, काठी टेकलेले बाबा. एकटेच बसनं आले होते. कलमबाईंना त्यांनी सकाळी काहीच सांगितलं नव्हतं.

“आजोबा, वर जाता येणार नाही.”

“काय?”

“वर जाता येणार नाही!” दरवान त्यांच्या कानाशी ओरडला. “कलम अकरा!”

“मी तिचा बाप आहे.”

“नातेवाईक धरून, असं स्पष्ट लिहिलंय हो! माझी नोकरी जाईल!”

जवळच्या लोकांनी माना वळवल्या. वरून धाकटीनं बघितलं होतं. एका शब्दानं तिनं दरवानाला सांगितलं असतं, किंवा नुसती हाक मारली असती, तरी सगळं सभागृह बाबांच्या बाजूनं उभं राहिलं असतं. तिनं माइकला हात लावला नाही. ती गाणं वाजवत राहिली आणि सरळ खांबाकडं, ताईकडं बघत राहिली. तिच्या मागं पाठीची, हाताची खुर्ची रिकामी होती.

व्यवस्थापक लगबगीनं आले. “मॅडम, हे आजोबा कोण? डीजेचे वडील म्हणतायत.”

बाबा गर्दीत कुणाचा तरी धक्का लागून एक पाऊल मागं सरले, काठी सावरली, आणि पुन्हा पहिल्या पायरीशी येऊन उभे राहिले. ते चिडले नव्हते. कुणीतरी येईल आणि दार उघडेल, अशा बेतानं शांतपणे वाट बघत होते.

“माझे वडील आहेत,” कलमबाई म्हणाल्या.

“तुमचे? मग ही…”

“माझी बहीण. धाकटी, सख्खी.”

व्यवस्थापकांचं तोंड उघडं राहिलं. ते मिटायच्या आत कलमबाई चालायला लागल्या होत्या. हातात कागद म्हणून गाण्यांची यादी होती. तिच्या कोऱ्या बाजूवर, दरवानाच्या पाठीचा आधार घेऊन, त्यांनी लिहिलं, ‘पुरवणी. मूळ करारातील कलम अकरा रद्द करण्यात येत आहे.’ तारीख, वेळ, सही. मग तीन पायऱ्या चढून त्या दुसऱ्या पक्षाच्या सहीसाठी वर गेल्या.

“इथं सही कर.”

धाकटीनं एका कानावरचा हेडफोन बाजूला केला. “तू तोंडी सांगितलं असतंस तरी चाललं असतं, ताई.”

“तोंडी काही चालत नाही. कर सही.”

खालून मोठ्या सिस्टरांचा आवाज आला, “अहो बाई, तिला बोलूही द्या की! माझा कार्यक्रम आहे!”

कलमबाईंनी पेन टेकवलं आणि उचललं. बाबांसाठी अकरा खोडणं भागच होतं, ते कुणीही खोडलं असतं. नऊ वेगळं होतं. नऊ खोडलं की धाकटी पुन्हा धाकटी होणार होती. शेवटी त्यांनी ‘कलम’ या शब्दाच्या पुढं, फटीत बसेल एवढ्या बारीक अक्षरात ‘नऊ व’ असं घुसवलं. धाकटीनं सही केली. दरवानानं हात खाली घेतले आणि बाबांचा दंड धरून त्यांना वर आणलं.

बाबा खुर्चीत बसले. गाणं त्यांना कितपत ऐकू येत होतं कोण जाणे. पण बसल्या बसल्या त्यांनी शेजारच्या स्पीकरच्या खोक्यावर तळवा टेकला, जुन्या दुकानात टेकायचे तसा, आणि डोळे मिटले.

“मोठ्या सिस्टर,” धाकटी माइकवर म्हणाली, “आत्ताच मला बोलायची लेखी परवानगी मिळाली आहे!” सगळं सभागृह हशानं फुटलं. पुढचा सव्वा तास तिनं काय केलं ते सांगण्यात अर्थ नाही, ते तिथं असणाऱ्यांनीच बघावं. दरवानसुद्धा नाचला. बाबांसाठी तिनं सगळ्यांकडून टाळ्या वाजवून घेतल्या. ताईचं नाव मात्र कुठंही घेतलं नाही.

कलमबाई खांबापाशी उभ्या राहून ऐकत होत्या. आधी त्यांना धास्ती होती की ही आता सगळ्यांसमोर ‘ही माझी ताई’ म्हणून बोट दाखवील. आणि तिनं दाखवलं नाही तेव्हा त्याचाही त्यांना राग आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटी आतल्या खोलीत झोपली होती. कलमबाईंनी बाबांपुढं चहा ठेवला आणि उजव्या कानाशी वाकून विचारलं, “येणार होतात, तर मला का नाही सांगितलंत?”

“तुला माहीतच असणार म्हटलं. करार तूच लिहिलास ना?”

“तुम्हाला कसं माहीत?”

“तिनं वाचून दाखवला. फोनवर. साडेचारही पानं, ओरडून ओरडून. घसा बसला तिचा.”

कलमबाई खुर्चीत टेकल्या. “म्हणजे अकरावं कलम ठाऊक होतं?”

“होतं की.”

“आणि तरी आलात?”

बाबांनी चहाचा घोट घेतला. “लिहिणारी तिथंच असणार. म्हटलं, येईल आणि खोडेल.” मग म्हणाले, “बाकी चांगला लिहितेस तू. चौदावं कलम काही मला कळलं नाही.”

कलमबाईंनी त्यांना चौदावं कलम समजावून सांगितलं. जनरेटरचं होतं. दोनदा सांगावं लागलं. सांगताना त्यांचा आवाज मध्येच चिरकला, पण बाबांच्या कानाला ते कळलं नसावं.

कार्यालयात लेखी खुलासा मागितला गेला. नातं का लपवलं? कलमबाईंनी कागद घेतला आणि एका ओळीत लिहिलं, ‘मला बहिणीचा हेवा वाटत होता, म्हणून सांगितले नाही.’ व्यवस्थापकांनी तो वाचला, चष्मा काढला, पुन्हा घातला.

“मॅडम, असं फाइलला लावता येत नाही.”

“खरं आहे ते.”

“खरं असेल हो. पण फाइलला लावता येत नाही. ‘अनवधानाने’ लिहा.”

त्यांनी ‘अनवधानाने’ लिहून दिलं. सहा महिने डीजेंचे करार त्यांच्याकडून काढून घेतले गेले. ते ज्याच्याकडं गेले त्यानं सगळे कंटाळून अर्ध्या पानावर आणले.

जायच्या दिवशी धाकटीनं पिशवी भरता भरता म्हटलं होतं, “ताई, मला एक करार लिहून दे. माझ्या बाजूनं.”

“वकील मेले का सगळे?”

“वकिलांना डीजेचं काय कळतंय? तुझ्या साडेचार पानांत सभागृहाचं काय काय होऊ शकतं ते सगळं आहे. माझं काय होऊ शकतं याची एक ओळ नाही.”

कलमबाईंनी बघू म्हटलं आणि दोन महिने बघितलं नाही. तिचं इतकं छान चाललंय, त्यात आणखी आपण कशाला हातभार लावावा, असं स्पष्टच त्यांच्या मनात होतं. मग एका रविवारी, दुसरं काही काम नव्हतं म्हणून, त्या कागद घेऊन बसल्या आणि अडल्या. घडलेलं ठाऊक असल्याशिवाय त्यांना कलम लिहिताच येत नसे. त्यांनी फोन लावला.

“काय काय झालंय ते सांग. एकेक.”

धाकटी सांगत गेली. आदल्या दिवशी रद्द केलेले कार्यक्रम. सहा तास उभं ठेवून पाण्याचा पेला न विचारणारे आणि रात्री परतीची गाडी न देणारे यजमान. स्वयंपाकघराच्या दारातच टेबल लावलं आणि यंत्रावर रस सांडला, तो दिवस. आवाज वाढवा म्हणाले यजमान, आणि शेजाऱ्यांनी तक्रार केल्यावर दंडाची पावती फाटली तिच्या नावानं. कलमबाई लिहीत होत्या.

“आणि टेबलापाशी कुणी येता कामा नये. हे पक्कं लिही. तुझं अकरावंच घे, फक्त बाबांना वगळ.”

“का? काय झालं होतं?”

“एकानं मनगट धरलं होतं. गाणं बदल म्हणून. सोडेना. आजूबाजूचे हसत होते.”

कलमबाईंचं पेन थांबलं. “केव्हा?”

“झाली दोन वर्षं.”

“बोलली नाहीस कधी.”

“तुला सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, मग जातेस कशाला.”

ते खरं होतं. कलमबाई अगदी तसंच म्हणाल्या असत्या, आणि म्हणताना त्यांना थोडं समाधानही वाटलं असतं. पुढं धाकटीनं आणखी तीन गोष्टी सांगितल्या, त्यांनी तीन कलमं लिहिली. करार सहा पानांचा झाला. सभागृहासाठी त्यांनी इतकी वर्षं लिहिलं, पण इतका बिनतोड कागद त्यांच्या हातून पूर्वी उतरला नव्हता. त्या रात्री मनगटाची गोष्ट आठवून त्या कितीतरी वेळ कुशी बदलत राहिल्या.

हेवा म्हणून गेला, असं मात्र नाही. धाकटीचा फोन आला आणि बाबा आतल्या खोलीत मोठ्यानं हसले की कलमबाईंच्या पोटात अजून एक कळ उठायची.

पुढं एका मोठ्या कंपनीच्या कार्यक्रमाचं बोलावणं धाकटीला आलं. दोन हजार माणसं. कंपनीच्या माणसानं सहा पानं बघितली आणि म्हणाला, डीजेचा करार एवढा नसतो, एक पानाचा आमचा आहे, त्यावर सही करा. धाकटीनं ताईला फोन केला.

“काय करू? इतका मोठा कार्यक्रम मला आजवर आलेला नाही.”

“जाऊ नकोस,” असं कलमबाईंच्या ओठांवर आलं आणि त्या दचकल्या. हे कोण बोलतंय? काळजी बोलतेय का ते दुसरं? त्यांनी स्वतःला चाचपून बघितलं. दोन्ही एकमेकांत इतकं मिसळलं होतं की वेगळं काढता येईना.

“मला विचारू नकोस,” त्या म्हणाल्या. “तुझ्या बाबतीत माझं मत स्वच्छ नसतं.”

पलीकडून धाकटी म्हणाली, “माहितीये मला ताई. मी सहा वर्षांची असल्यापासून माहितीये. तरी सांग.”

“त्यांच्या पानात परतीच्या गाडीचं आहे का?”

“नाही.”

“टेबलाजवळ कुणी येऊ नये याचं?”

“नाही.”

“मग जाऊ नकोस.”

धाकटी गेली नाही. त्या कंपनीनं दुसरा डीजे बोलावला. कार्यक्रम छान झाला, असंच सगळ्यांकडून कानावर आलं. कुठं काही वावगं घडलं नाही. कलमबाईंना ते ऐकून दोन दिवस अन्न गेलं नाही. आपण तिच्या हातचं मोठं काम घालवलं की तिला जपलं, याचा निवाडा करायला त्यांच्याजवळ पुरावाच नव्हता. धाकटीनं त्याबद्दल त्यांना एका शब्दानंही बोल लावला नाही.

तो कार्यक्रम होता त्या शनिवारी ती मोकळी होती, म्हणून घरी आली होती. बाबांनी माळ्यावरचा एक बंद पडलेला रेडिओ काढायला लावला आणि बापलेक दुपारभर जमिनीवर वर्तमानपत्र पसरून तो उघडून बसले. कलमबाई दारातून बघत होत्या. त्यांना नेहमीसारखं झोंबलं. मग धाकटीनं मान वर न करता म्हटलं, “ताई, बारीक पेचकस कुठं असतो ग आपल्याकडं?”

तो कुठं असतो ते त्या घरात एकट्या कलमबाईंनाच ठाऊक होतं. त्यांनी तो आणून दिला आणि मग परत न जाता, गुडघे दुखत असूनही, तिथंच वर्तमानपत्राच्या कडेला बसल्या.